गरोदरपणात कमरेच्या कड्याचं दुखणं: मराठवाड्यातल्या लेकी-सुनांचे नेहमीचे प्रश्न

तपासणीला आलेल्या बाईला "काही त्रास होतो का?" विचारलं की ती बहुतेक वेळा "काही नाही" म्हणते. उठताना मात्र टेबलाचा आधार घेते आणि दारापर्यंत पाय घासत जाते. घरी उत्तर आधीच मिळालेलं असतं: "पोटात लेकरू आहे, दुखणारच." हे उत्तर चुकीचं आहे. या दुखण्याला नाव आहे, कारणं आहेत आणि त्यावर करण्यासारखं बरंच काही आहे. खालची उत्तरं गरोदर बाईसाठी आहेत, तितकीच तिच्या नवऱ्यासाठी, सासूबाईंसाठी आणि गावातल्या आशाताईंसाठी.

हे दुखणं म्हणजे साधी कंबरदुखीच ना?

नाही. परकराची नाडी जिथे बांधता त्याच्या वर, पाठीच्या मणक्यात दुखत असेल तर ती बहुतेक कंबरदुखी. नाडीच्या खाली दुखत असेल तर हे वेगळं असण्याची शक्यता जास्त. ओटीपोटाभोवती हाडांचं एक कडं असतं. मागे मणक्याच्या खालचं त्रिकोणी हाड, दोन्ही अंगांना खुब्याची रुंद हाडं, आणि पुढे जांघांच्या मधोमध ती दोन हाडं एकमेकांना मिळतात. असे मागे दोन आणि पुढे एक, तीन सांधे झाले. धडाचा सगळा भार याच कड्यातून पायांवर उतरतो. या सांध्यांभोवती, खाली बैठकीच्या भागापर्यंत किंवा पुढच्या हाडावर जे दुखतं त्याला डॉक्टर पेल्विक गर्डल पेन म्हणतात. केसपेपरवर नुसतं "पीजीपी" लिहिलेलं दिसेल. काही जणींना कंबर आणि कडं दोन्ही एकदम दुखतात.

मला तेच आहे हे कसं ओळखू?

कमरेच्या खाली पाठीवर दोन खळ्या दिसतात, त्यांच्या आसपास एका किंवा दोन्ही बाजूंना दुखतं. तिथून कळ ढुंगणात आणि मांडीच्या मागे उतरते, पण सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही. पुढचा सांधा दुखत असेल तर तिथे बोट दाबलं तरी सहन होत नाही, आणि चालताना "कट" असा आवाज आल्यासारखं वाटतं.

त्याहून चांगली खूण म्हणजे कोणत्या कामाला दुखतं ती. रात्री कुशीवर वळताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना, जिना चढताना, मोटारसायकलवर बसताना-उतरताना, बराच वेळ उभं राहिल्यावर, शरीरसंबंधाच्या वेळी पाय फाकवताना. यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडत असेल तर पुढच्या तपासणीला स्वतःहून सांगा, विचारण्याची वाट पाहू नका.

हे किती जणींना होतं?

साधारण ५ गरोदर बायकांत एकीला. काहींना चौथ्या महिन्यापासूनच सुरू होतं, बहुतेकींना शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. काहींचं सुसह्य असतं, काहींना मोरीपर्यंत जाणंही अवघड होतं. दोघींचंही दुखणं खरं.

मुळात होतं कशामुळे? हाडं सरकतात का?

हाडं निखळत नाहीत. गरोदरपणात शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या थोड्या सैल पडतात, बाळंतपणासाठी ते आवश्यकच असतं. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, ती २ ते ३ मिलिमीटरने वाढणं स्वाभाविक आहे. १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर सांधा खरोखर उघडला असं म्हणतात, पण ते क्वचित घडतं.

सगळ्याच जणींचे सांधे सैल होतात, मग दुखतं काहींनाच का? रिलॅक्सिन नावाच्या द्रव्यावर बराच काळ सगळा दोष टाकला जायचा. पण ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांना जास्त दुखतं असा थेट संबंध सिद्ध झालेला नाही. आज असं मानतात की सैल झालेल्या सांध्यांना सावरण्याचं काम पोट, पाठ, कुल्हे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू करतात. पोट पुढे आल्यामुळे शरीराचा तोल बदलतो, त्यावर वजन उचलण्याची भर पडते. स्नायूंना हे झेपेनासं झालं की सांधे चिडतात. म्हणूनच भार कमी करणं आणि स्नायूंना बळ देणं हे उपचाराचे दोन मुख्य भाग आहेत.

कोणाला जास्त धोका असतो?

ज्यांना गरोदरपणाच्या आधीपासून कंबरदुखी आहे, ज्यांना मागच्या खेपेला हेच दुखणं झालं होतं, आणि ज्यांच्या कमरेला किंवा खुब्याला कधी मार लागला होता, अशा तिघींना सगळ्यात जास्त. विहिरीच्या पायरीवरून पडणं, गाडीवरून आपटणं, बैलाने ढकलणं, हे दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. नाव नोंदवताना रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन सगळं लिहिलं जातं, पण "आधी कंबर दुखायची का, कधी पडला होता का?" हे दोन प्रश्न अनेकदा राहून जातात. आशाताईंनी ते पहिल्याच भेटीत विचारून माता-बाल संरक्षण कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तर पुढचं बरंच सोपं होईल.

त्यानंतर येतं अंगमेहनतीचं काम, म्हणजे वाकणं, वळणं, वजन उचलणं, तासन्‌तास उभं राहणं. आधीची एक किंवा अधिक बाळंतपणं झालेली असणं, वजन जास्त असणं, आणि जन्मतःच सांधे फार लवचिक असणं यांनीही शक्यता वाढते.

मनावरचा ताण हाही एक घटक आहे. झोप नाही, घरात धास्ती, कामात कोणाची साथ नाही, अशा बाईचं दुखणं जास्त तीव्र होतं आणि जास्त काळ टिकतं. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा कोणी काढू नये. थकलेल्या, धास्तावलेल्या शरीराची सोसण्याची ताकद कमी होते, इतकंच.

गर्भनिरोधक गोळ्या खाल्ल्या म्हणून हे झालं, दोन बाळंतपणांत अंतर कमी पडलं म्हणून झालं, बाई ठेंगणी आहे म्हणून झालं, असं आढळलेलं नाही. लवकर दुसरं लेकरू आईच्या तब्येतीसाठी चांगलं नाहीच, पण त्याची कारणं वेगळी.

मी शेतात राबते. काम सोडू का?

सोडता आलं तर उत्तमच, पण रोजगार बुडवून घर चालणार नाही हे ठाऊक आहे. म्हणून कोणतं काम सोडायचं ते आधी ठरवा.

सगळ्यात आधी सोडायचं ते डोक्यावरचं ओझं. ऊसतोडीच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढण्यात या दुखण्याला वाढवणारी प्रत्येक गोष्ट आहे: वजन, एका पायावर येणारा तोल, उंच पायरी. बीड, धाराशिव, जालन्याकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्या काळात गरोदर असलेल्या बाईची तपासणीही अनेकदा सुटते. कोयता जोडीचा असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एक मजूर धरतात, आणि उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) दोघांच्या नावावर असते, म्हणून ती थांबू शकत नाही. हे तिच्या एकटीच्या हातातलं नाही. नवऱ्याने आणि मुकादमाने मोळी वाहण्याचं आणि गाडी भरण्याचं काम तिच्याकडून काढून घ्यायला हवं. पाचट काढणं, मोळ्या बांधणं यात निदान थोडं थांबता येतं, बसता येतं. निघण्यापूर्वी कार्ड सोबत घ्या आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते दाखवा.

कापूस वेचताना पाठीला बांधलेली झोळी भरेपर्यंत थांबू नका, निम्मी झाली की रिकामी करा. खुरपताना उकिडवं बसून पुढे पुढे सरकणं टाळा. एक गुडघा टेकवून बसा आणि थोड्या थोड्या वेळाने गुडघा बदला. सोयाबीन काढायला वाकून राहावं लागतं, त्या कामात मात्र बदल करायला जागाच नाही. ते दुसऱ्याला द्या.

घरी काय काय बदलू?

पाण्यापासून सुरुवात करू. मार्च लागला की आपल्याकडे टँकरच्या रांगा सुरू होतात आणि कमरेवर घागर आलीच. एका बाजूच्या कमरेवर घागर किंवा कडेवर मोठं लेकरू घेतलं की कड्याच्या एकाच सांध्यावर सगळा भार येतो. पाणी दुसऱ्याने आणायचं, हे घरात स्पष्ट ठरलं पाहिजे. अगदीच वेळ आली तर दोन लहान कळशा अर्ध्या भरून दोन हातांत धरा. लेकराला कडेवर घेण्यापेक्षा आपण बसून मांडीवर घ्या.

रात्रीचं कुशीवर वळणं हा सगळ्यांत नकोसा क्षण. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी किंवा घडी केलेली वाकळ ठेवा. वळायचं तेव्हा गुडघे एकमेकांना चिकटवून, खांदे आणि कंबर एकदम वळवा. उठताना आधी कुशीवर या, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. जमिनीवर झोपत असाल तर उठायला त्रास जास्त होतो, घरात बाज किंवा पलंग असेल तर तो या दिवसांत तुमचा.

सलवार, परकर, चप्पल बसूनच घाला. पायऱ्या एकेक करून चढा. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसलं की कंबर पिळली जाते आणि दोन्हीकडे पाय टाकले की पुढचा सांधा ताणला जातो. त्यात आपले रस्ते! शक्य असेल तेव्हा एसटी किंवा रिक्षा बरी. जीपमध्ये किंवा कारमध्ये आधी सीटवर बसा, मग दोन्ही पाय जोडून आत घ्या. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की वळणं सोपं जातं.

स्वयंपाक ओट्यावर असेल तर भाकरी थापताना एका पायावर रेलू नका, आणि मधून मधून बसा. चूल जमिनीवर असेल तर उंच पाटावर किंवा स्टुलावर बसा. उकिडवं बसायच्या संडासात जीव जात असेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची मिळते. हा खर्च चैनीचा नाही.

पूर्ण अंथरुणात पडून राहू नका. स्नायू ढिले पडले की दुखणं वाढतं. कामं दिवसभर वाटून घ्या आणि दुखायला लागायच्या आधीच थांबा.

सासूबाई म्हणतात, उकिडवं बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं. खरं का?

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, आणि ज्यांना काही दुखत नाही त्यांना हालचाल चांगलीच. पण कड्याचं दुखणं असलेल्या बाईने उकिडवं बसणं, पाय फार फाकवणं टाळावं. गर्भसंस्काराच्या वर्गात फुलपाखरासारखे पाय हलवायला सांगतात, मलासन करायला सांगतात. पुढचा सांधा दुखत असेल तर हे प्रकार करू नका, शिकवणाऱ्या ताईंना तसं सांगा.

मग कोणता व्यायाम करू?

लघवी आणि वारा एकाच वेळी रोखल्यासारखे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, श्वास न रोखता थोडा वेळ धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. हा व्यायाम बसून, कुशीवर, कुठेही होतो. दुसरा, हात आणि गुडघे टेकून, पाठ सपाट ठेवून, श्वास सोडताना बाळाला हलकेच वर उचलल्यासारखं पोट आत घ्यायचं. तिसरा, खुर्चीवर बसून गुडघ्यांत उशी धरून हळूच दाबायची. पुढच्या सांध्यात कळ आली तर हा सोडून द्या. रोज सपाट रस्त्यावर लहान पावलांनी चाला, लांब ढांगा नकोत. व्यायामानंतर किंवा त्या रात्री दुखणं वाढलं तर प्रमाण निम्म्यावर आणा. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घ्यावं, कारण प्रत्येकीचा दुखणारा सांधा आणि कमजोर स्नायू वेगळा असतो.

पट्टा बांधू का?

बांधायला हरकत नाही, पण बांधायची जागा बरोबर हवी. बाळंतीण पोटाला पट्टा बांधते तसा हा नसतो. तो पोटाच्या खाली, खुब्यांच्या हाडांभोवती बसतो. उभं राहताना, चालताना बांधा, झोपताना काढा. बांधल्यावर लगेच आराम वाटला तर उपयोगी. दुखणं वाढलं किंवा पायाला मुंग्या आल्या तर काढून टाका.

कोणती गोळी चालते?

पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने, लागेल तेवढीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. २० आठवड्यांनंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ३० आठवड्यांच्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद होणारी रक्तवाहिनी पोटातच मिटण्याचा धोका असतो. "सुई मारली की उतार पडतो" म्हणून गावात जे दुखण्याचं इंजेक्शन देतात त्यात बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं. दिवस गेले आहेत हे आधी सांगा आणि कोणतं इंजेक्शन आहे ते विचारा. विचारायला लाजू नका.

कॅल्शियम कमी पडल्यामुळे दुखतं का?

थेट तसं नाही. सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या रोजच्या दोन गोळ्या घ्यायच्याच, आई आणि बाळ दोघांसाठी त्या गरजेच्या आहेत. लोहाची गोळी त्यांच्यासोबत नको, वेगळ्या वेळी घ्या. पण "कॅल्शियम चालू आहे, होईल बरं" म्हणून या दुखण्याकडे पाठ फिरवू नका.

शेक, मालिश, हाडं बसवणारे?

कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक कमरेला चालतो, पोटाला नको. हलक्या हाताने पाठीला तेल लावल्यास बरं वाटतं. मात्र कंबर तुडवून घेणं, झटका देऊन सांधा बसवणं हे गरोदरपणात नको म्हणजे नकोच.

एक्स-रे काढावा लागेल का?

सहसा नाही. निदान ऐकून आणि तपासून होतं. तुम्हाला उताणं झोपवून सरळ पाय थोडा वर उचलायला सांगतील. तो जड वाटला, आणि दोन्ही खुबे बाजूंनी दाबून धरल्यावर सहज उचलला गेला, तर ती महत्त्वाची खूण.

बाळाला काही धोका?

या दुखण्यामुळे नाही.

नॉर्मल होईल की सिझर?

बहुतेक जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं. केवळ या दुखण्यासाठी सिझर करायची गरज सहसा नसते, आणि सिझरने पुढचं दुखणं टळतं असंही दिसत नाही. तयारी मात्र हवी. शेवटच्या महिन्यात कड्यात कळ न येता दोन्ही गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजून कार्डावर लिहा आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरांना आधीच सांगा. कळा देताना कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहता येईल का ते विचारा. प्रसूतीच्या टेबलावर पाय वर अडकवायची वेळ आली तर दोन्ही पाय एकदम उचलावेत, एकदम उतरवावेत. सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर डॉक्टर बदलतात. तिथे ही सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगा.

बाळंतपणानंतर थांबेल का?

बहुतेकींचं काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत ओसरतं. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवर ठेवायची आपली रीत आहे, तिचा आराम घ्या, पण रोज थोडं चाला आणि खालच्या स्नायूंचा व्यायाम चालू ठेवा. पाजताना पाठीला टेकू, बाळाखाली उशी. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर पुन्हा दाखवा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं राहिलेल्या कंबर-ओटीपोटाच्या दुखण्याला "पिशवीचा दोष" म्हटलं जातं आणि पंचविशी-तिशीतल्या बाईला गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सांध्याचं दुखणं पिशवी काढून जात नाही. असा सल्ला मिळाला तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

कधी ताबडतोब दवाखाना गाठायचा?

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, नऊ महिने भरण्याआधी ठरावीक अंतराने पोट कडक होऊन कळा येणं. लघवीला जळजळ आणि थंडी-ताप. एकाच पिंढरीला सूज आणि दुखणं. जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातलं बळ जाणं. एकाच खुब्यात अचानक इतकं दुखणं की पाय टेकवत नाही. यातलं काहीही झालं तर कड्याचं दुखणं समजून घरी बसू नका. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला नेण्यासाठी १०२ ची गाडीही मोफत आहे. आठवड्यांमागून आठवडे रात्री ठणकणं, बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. ती टाळू नका.

आमच्या गावात फिजिओथेरपिस्ट नाही. जाऊ कुठे?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरांना हे दुखणं सांगा आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथेही जाता येईल. सोबत नवऱ्याला न्या. व्यायाम तुम्ही शिकाल, पण घागर कोणी उचलायची नाही हे डॉक्टरांच्या तोंडून त्याने ऐकलेलं बरं.

पुढच्या खेपेला पुन्हा होईल?

शक्यता जास्त आहे, म्हणून आधीपासून तयारी करा. पहिलं दुखणं पूर्ण बरं होऊ द्या, वजन आटोक्यात आणा, पोटाचे आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करा, आणि दिवस गेल्याचं कळताच, दुखायला लागायच्या आधी, मागची हकिकत डॉक्टरांना सांगा.